पाहुण्यांनी आधी भिंत बघितली

तुमी हसाल गो, पण मला बघायला डोळखांबचे पाहुणे आले, तेव्हा त्यांनी माझ्याआधी आमची भिंत बघितली.

झालं असं, की वाशिंदच्या आमच्या घरात ओट्यामागं टाइल लावायची होती. गुळगुळीत भिंतीवर टाइल धरत नाय, म्हणून गवंड्यानं छिन्नीनं भिंतभर टाचे मारून ठेवले. आई बघते तर काय! "देवी आल्यावानी झालीय भिंत! उद्या पाहुणे काय म्हणतील?" लगेच माती न् शेण कालवलं आणि खड्डा न् खड्डा भरून तिनं भिंत गुळगुळीत सारवून टाकली.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील पोहे खाता खाता थांबले. उठून थेट ओट्यापाशी गेले आणि भिंतीवरून हात फिरवला.

"वहिनी, इथं टाइल लावायचीय ना? मग टाचे कुणी बुजवले?"

मी दाराआड हसू दाबत उभी.

"मी पण गवंडीच हाय. अशी टाइल लावलीत तर चार दिवसांत खाली येईल. छिन्नी-हातोडी द्या बघू."

नव्या शर्टाच्या बाह्या वर सारून माणूस सुरूच झाला. सारवणाचे पोपडे धडाधड ओट्यावर पडायला लागले. आईचा जीव टांगणीला! शेवटी न राहवून तिनं विचारलं, "भाऊ, पोरगी कशी वाटली?"

त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाय.

"पोरगी पसंत हाय. भिंत नाय."