परीक्षेपुरतं पाणी

आठवलं की अजून डोकं फिरतं. त्र्याण्णव साली आमच्या अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, छातीत पाणी झालं म्हणून जयनगरहून मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. धड श्वास घेता येत नव्हता तिला. तिथले कानडी प्रोफेसर म्हणाले, "स्वल्प थांबा. सोमवारी आमच्या डॉक्टरकीच्या मुलांची परीक्षा आहे. आत्ताच पाणी काढलं तर मुलं तपासणार काय?"

मी भांडलो, तर म्हणे, "सरी, ठीक आहे, मग दुसरीकडे न्या."

सोमवारी बारा मुलांनी तिच्या पाठीवर बोटं ठोकली. बाराव्याला तर तिनेच सांगितलं, "डावीकडे, बाळा. आणखी खाली."

शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "अम्मा, काही त्रास?"

अक्का धापा टाकत म्हणाली, "पोरं पास झाली असतील, तर आता मला श्वास घेऊ द्या."