काशीचा नो

नाही, तुम्हीच सांगा, नो म्हणजे नाहीच ना हो? मग माझं कुठं चुकलं? तर आमचा रणजित म्हणतो, "आई, उगाच पेढे वाटलेस!" उगाच? अहो, पोरगा पोलंडहून सुट्टीला येतो, लग्न ठरवलेली पोरगी बरोबर आणतो, काशा तिचं नाव, मी काशी म्हणते, ती हसते, विषय संपला! पोरगी गुणाची हो… आल्या दिवशी माझ्या पोळीभाजीच्या दुकानात पदर खोचल्यासारखी उभी राहिली नि पोळ्या लाटल्या! एकेक पोळी म्हणजे नकाशा, पण नारायण पेठेतल्या गिऱ्हाइकांनी एक शब्द न बोलता नेल्या, आता बोला!

घोर एकच… ही माझ्या एकुलत्या एका पोराला कायमचं तिकडं नेणार का? त्याला विचारलं की, "बघू गं." ह्याचे वडील घराला रंग द्यायचं अजून बघतायत! म्हणून काल त्याला दही आणायला पिटाळलं आणि तिलाच धरलं. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी… यस, नो, थँक्यू, एवढ्यावर माझं दुकान चालतं! म्हटलं, "रणजित," हाताचं विमान केलं, सुंईऽऽ करून फ्रिजवर उतरवलं, "पोलंड? कायमचा? नेणार?" तर म्हणते, "नो, नो, नो!" तीनदा! मान वरखाली हलत होती, खोटं कशाला सांगू, पण म्हटलं परदेशी माना, हलत असतील उलट्या! नो म्हणजे नाहीच ना हो? लगेच पेढे! शेजारच्या पूर्णिमाताई विचारतात, "कशाबद्दल?" म्हटलं, "मुलगा राहतोय. खा आणि तोंड मिटा."

तेवढ्यात हा दही घेऊन हजर, आणि कपाळाला हात! "आई, पोलिशमध्ये 'नो' म्हणजे 'हो ना'! नाहीला 'न्ये' म्हणतात." म्हटलं, "हे इंग्रजांना कुणी कळवलंय का?" तर म्हणे, "युरोपात असंच असतं. जर्मनीत 'गिफ्ट' म्हणजे विष. 'बुर्रो' इटलीत लोणी, स्पेनमध्ये गाढव." अगं बाई! म्हणजे पाहुण्यानं पोळीवर लोणी मागायचं आणि आपण दारात गाढव बांधायचं? सरळ एक शब्द, एक अर्थ, काय बिघडतं ह्यांचं? नो म्हणजे नाहीच ना हो?

इकडं काशी रडवेली. माझा हात धरून त्याला काहीतरी पुटपुटली. हा म्हणतो, "ती म्हणतेय, तुमचा जीव तुटणार असेल तर आम्ही इथंच राहतो. मनापासून सांगा, जाऊ का?" आता आली का पंचाईत! असं म्हणणाऱ्या पोरीला अडवायला मी काय दगड आहे? डोळे पुसले आणि म्हटलं, "ने बाई, ने!"

तर रणजित गालात हसतो. "आई, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो'!"

म्हटलं, ग्रीक धर नाहीतर मराठी… दोन्हीकडून तू गेलासच!