नळीमाशाचा पत्ता

सन्माननीय अध्यक्ष आणि या महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावर विराजमान प्राणिशास्त्र विभागप्रमुख डॉ. इंदिराबाई गर्गे, ज्यांच्यासाठी आपण एप्रिलच्या या उकाड्यात जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, प्रयोगशाळा परिचर श्री. कोंडाजी सहादू भोये, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. मैनाबाई, अध्यापक वर्ग, कार्यालयातील बंधुभगिनी, आणि दाराजवळ जागा धरून घड्याळाकडे पाहणारे विद्यार्थी मित्रहो,

प्रारंभीच मला एक गंभीर तक्रार करायची आहे आणि तिची नोंद सभेच्या इतिवृत्तात व्हावी अशी विनंती आहे. दाराशी एका विद्यार्थिनीने माझ्या छातीवर ‘पाहुणे’ असा फितीचा बिल्ला लावला. पंचवटीत आमच्या सात पिढ्या गेल्या, तरी मी पाहुणा, तेही सोसलं. पण तो बिल्ला तिने लांब टाचणीने टोचला, आणि टोचण्यापूर्वी सदरा दोन्ही बाजूंनी इतक्या सराईतपणे ताणून धरला की मेणाच्या ट्रेमध्ये उताण्या पडलेल्या बेडकाचं मनोगत मला कळलं. टाचणी सदऱ्यावर थांबली नाही. यापुढे या विभागाच्या समारंभात पाहुण्यांना आधी थोडं क्लोरोफॉर्म देण्यात यावं, असा ठराव अध्यक्षांनी मांडावा. अनुमोदन माझं.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी चिंतामण दीक्षित, वार्ताहर. वडिलांनी भिक्षुकीसाठी पाठशाळेत घातलं, दहा वर्षं संस्कृत घोकून घेतलं, आणि मी वर्तमानपत्रात गेलो. दोन्ही धंद्यांत दुसऱ्याच्या घरच्या कार्यात आपण बोलायचं असतं. फरक इतकाच की भटजींना जेवायला वाढतात. सव्वीस वर्षं बोलतो आहे, लिहितो आहे. कांद्याचे भाव, सिंहस्थाची गर्दी, घाटात उलटलेले टेम्पो. निरोपाच्या भाषणांची तर मोजदाद सोडली. खरं सांगायचं तर अंगात त्राण उरलेलं नाही. आजही नाही म्हणणार होतो. पण कोंडाजी घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमी बोला. बाकीचे नुसतं चांगलं बोलतील.”

अध्यक्ष महोदय, एखाद्याचा सत्कार करायचा आणि नुसतं चांगलं बोलायचं नाही, ही कामगिरी अवघड आहे. प्रयत्न करतो.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. कोंडाजी होळीची रजा संपवून पेठकडच्या आपल्या पाड्यावरून परतले ते डालड्याच्या डब्यात पाणी घेऊन, मांडीवर डबा धरून, एस.टी.च्या सगळ्या वळणांतून. डब्यात एक काडी होती. गर्गेबाई म्हणाल्या, काडी काय आणलीत? काडीने डोळा फिरवला. त्या दिवशी बाईंचा चहा निवला. ज्यांना बाई ठाऊक आहेत त्यांना या घटनेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तो गोड्या पाण्यातला नळीमासा होता. वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक. अंगावर खवले नाहीत, हाडाची कडी एकापुढे एक ओवलेली, आणि तोंडाची नळी. समुद्रघोड्याचा चुलतभाऊ म्हणा. याची बहुतेक भाऊबंदकी खाऱ्या पाण्यात. काही थोडे मात्र कधीकाळी खाडीतून वर चढले आणि नदीत वस्तीला राहिले. आपल्याला वाटतं, जिल्ह्यातलं सगळं पाणी रामकुंडाच्या दर्शनाला येतं. तसं नाही. पेठ-सुरगाण्याकडचं पाणी आपल्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला जातं. त्यातल्याच एका लहान नदीच्या डोहात हा राहत होता. नदीचं नाव मी सांगणार नाही. का, ते थोड्या वेळात कळेल.

त्याच्या गरजा मला बाईंनी समजावून सांगितल्या, दोनदा, कारण पहिल्यांदा मी श्लोक आठवत होतो. पाणी वाहतं हवं, पण धावणारं नको. काठच्या उंबराची मुळं पाण्यात केसांसारखी सुटलेली हवीत. त्या मुळांत आपणही एक मूळ होऊन उभं राहायचं, आणि डोळ्याला जेमतेम दिसणारे जिवंत किडे नळीने ओढून घ्यायचे. पोहण्यात हा अगदी मंद. पळून जाणं त्याला जमत नाही. सगळी मदार न दिसण्यावर. आणि मादी अंडी देऊन मोकळी होते. ती नराच्या पोटाला चिकटतात, पिलं होईपर्यंत तोच ती वागवतो.

पाड्यावर हा मासा खातात का, असं मी कोंडाजींना विचारलं. ते म्हणाले, “त्यात खायला काय हाय? कुत्रंबी हुंगून सोडतं.” त्या माशाच्या दीर्घायुष्याचं रहस्य या वाक्यात होतं, हे मला तेव्हा समजलं नाही. तो कोणाच्याही कामाचा नव्हता.

मग मी बातमी लिहिली.

शीर्षक दिलं, ‘बाळंतपण करणारा नर’. इतकी गाजलेली बातमी मी त्याआधी लिहिली नव्हती आणि नंतरही नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात भाजीवाल्या लताबाईंनी मेथीची जुडी हातात धरून ठेवली आणि तो मासा कुठं बघायला मिळंल ते आधी सांगा म्हणाल्या. त्यांना तो आपल्या मालकांना दाखवायचा होता. कुठे बघायला मिळेल, हे खरं तर मी बातमीतच लिहिलं होतं. इथे माझ्या शिक्षणाचा दोष आहे. आम्हा पाठशाळेतल्या मुलांना संकल्प शिकवतात. कर्म करण्यापूर्वी कोणतं द्वीप, कोणता देश, गोदावरीचं कोणतं तीर, कोणती तिथी, सगळं बिनचूक उच्चारायचं. पत्ता चुकला तर पुण्य भलत्याला पोचतं, असा गुरुजींचा धाक. त्या सवयीने मी लिहिलं, अमुक गाडीने अमुक फाट्यावर उतरावे, नदीच्या डाव्या तीराने अर्धा कोस चालावे, तीन उंबर एकत्र दिसतील तोच डोह. संपादकांनी पाठ थोपटली. म्हणाले, दीक्षित, बातमी अशी पाहिजे, वाचणारा थेट जाऊन पोचला पाहिजे.

पोचले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला ठाऊक आहे, प्राध्यापकांना ठाऊक आहे, पण सभागृहातल्या इतरांसाठी सांगतो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांनी स्वतः गोळा केलेले नमुने बाटल्यांतून मांडायचे असतात. त्याला दहा गुण. पुढच्या वर्षी बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी एका मुलाच्या बाटलीत हा मासा पाहिला, पोटावर अंड्यांसकट, आणि दहापैकी दहा दिले. अभ्यासक्रम समजायला विद्यार्थ्यांना तीन वर्षं लागतात. दहापैकी दहा कशाला मिळतात हे दुपारपर्यंत समजतं. पुढच्या वर्षी सतरा मुलं गेली. त्यापुढे दुसऱ्या महाविद्यालयांतली. अंडी वागवणारा नरच सगळ्यांना हवा. एक नर बाटलीत गेला की सोबत किती जीव गेले, हा प्रश्न परीक्षेला नव्हता.

आणि वाट दाखवायला कोण? कोंडाजी. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. त्यांना अभिमान होता. वीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांनी आणलेले मासे धुतले, बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्याच्या गावच्या डोहाला शहरातून लोक येत होते. गर्गेबाई त्यांच्या अंगणात बसून नागलीची भाकर जेवल्या. मुळांचा झुबका अलगद उचलून ओल्या फडक्यावर कसा झाडायचा, ते कोंडाजींनी मुलांना शिकवलं. मुलं त्यांना भोयेसर म्हणत. चतुर्थ श्रेणीतल्या माणसाला ‘सर’ म्हटलेलं कसं वाटतं, हे इथल्या सरांना कळणार नाही.

विभागाच्या कपाटात आज या माशाच्या त्र्याण्णव बाटल्या आहेत. परवा मी मोजल्या. सुबक आहेत. प्रत्येकीवर कोंडाजींचं अक्षर.

अठ्ठ्याहत्तरपासून मासे कमी दिसू लागले. मग या सरळ माणसाने नोकरीत पहिल्यांदा लबाडी केली. माझी जुनी बातमी न वाचलेल्या नव्या पोरांना ते भलत्याच डोहावर नेऊ लागले. तिथे उंबर होता, मुळं होती, मासा नव्हता. यंदा पाणी कमी हाय, म्हणायचे. पुढच्या वर्षी, यंदा पाणी जास्त हाय. पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन परत यायची आणि बाईंकडे गाऱ्हाणं करायची. ब्याऐंशी साली बाईंनी कोंडाजींना लेखी मेमो दिला. कर्तव्यात कसूर. त्यांच्या एकतीस वर्षांच्या सेवेत तेवढा एकच कागद वाईट आहे. त्यांनी खुलासा दिला नाही. मेमो घडी करून खिशात घातला आणि मत्स्यालयाचं पाणी बदलायला गेले.

बाई, तुम्ही मला खूण करता आहात ती वेळ झाल्याची, असं मी धरून चालतो.

गेल्या महिन्यात मीच कोंडाजींना म्हटलं, निवृत्त होण्याआधी मला एकदा खरा डोह दाखवा. दहा वर्षांनी पुन्हा लिहीन म्हणतो. मग गेलो. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत ते कमरेएवढ्या पाण्यात. एकेक झुबका उचलायचे, फडक्यावर झाडायचे, बघायचे, पुन्हा तसाच पाण्यात सोडायचे. कोळंबी निघाली, चतुरांच्या अळ्या निघाल्या. मी उंबराखाली धोतर आवरून बसलो होतो, आणि हा निघाला की काय म्हणून दर वेळी उठत होतो. दुपारनंतर मी उठायचं सोडलं. ते बाहेर आले, फडकं पिळलं आणि म्हणाले, “तीन वरसं झाली, शास्त्रीबुवा.”

मला हिशेब लागेना. तीन वर्षं म्हणजे एक्क्याऐंशीपासून. मेमो ब्याऐंशीचा. म्हणजे ज्या डोहाचा पत्ता लपवला म्हणून त्यांनी मेमो घेतला, तो डोह तेव्हाच रिकामा होता. मी म्हटलं, मग सांगून का टाकलं नाही? निदान नोकरीला डाग तरी लागला नसता.

ते म्हणाले, “संपला म्हनून सांगितलं असतं, तर शेवटचा कुनाला घावतो म्हनून सगळी नदी उपसली असती. असंल एखादा कुठं मुळात, तर राहू दे की.”

परतीची गाडी धरायला आम्ही दोघे फाट्याकडे निघालो.

हे सगळं इथे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडे मागितली आहे. सांगा, म्हणाले, आता काय राहिलंय. काल संध्याकाळी मी गर्गेबाईंनाही सांगितलं. बाई आधी रागावल्या; आधी सांगता येत नव्हतं का, म्हणून कोंडाजींना बोलावून विचारलं. कोंडाजी म्हणाले, “तुमी इचारलं कुठं बाई? तुमी मेमो दिला.” मग बाई कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आजचा समारंभ अर्धा तास उशिरा सुरू झाला, त्याबद्दल आपण कार्यालयाला नावं ठेवली असतील. बाई टंकलेखन यंत्रावर बसून स्वतः पत्र बडवत होत्या, आणि त्यांना ते येत नाही. मेमो रद्द झाल्याचं ते पत्र आज शाल-श्रीफळाबरोबर दिलं जाणार आहे. त्यात टंकनाच्या अकरा चुका आहेत. कोंडाजींनी त्यांकडे दुर्लक्ष करावं. पुढच्या वर्षीपासून जिवंत प्राणी त्याच्या जागी जाऊन पाहून लिहिलेल्या टिपणांनाही नमुन्यांइतकेच गुण द्यावेत, असं पत्र बाई विद्यापीठाला लिहिणार आहेत. विद्यापीठ काय करील, हे मी सव्वीस वर्षांच्या अनुभवावर सांगू शकतो, पण आज सांगत नाही.

बाईंनी मला एक दिलासाही देऊ केला. खाली गुजरातच्या हद्दीत धरणाचं काम चालू आहे, पाण्याचा ओघ बदलला असेल, खालून वर येणारी वाट अडली असेल, मासा त्याने गेला असेल. असेलही. हे कारण मला इतकं आवडलं, की त्याचा संशयच येतो.

कोंडाजी उद्या मैनाबाईंना घेऊन पाड्यावर जात आहेत, कायमचे. रोज सकाळी डोहावर चक्कर मारीन म्हणतात. मुळं उचलणार नाहीत, नुसते काठावर बसून बघतील. मासा दिसला तर मला कार्ड टाकतील. त्यावर नदीचं नाव नसेल, डोहाचं नसेल. “नुसतं ‘दिसला’ असं लिहीन,” म्हणाले, “आन् तुमी ते पेपरात घालू नका.” मी कबूल केलं आहे.

मित्रहो, आपण मला शांतपणे ऐकून घेतलंत, पंखा बंद पडल्यावरही, याबद्दल मी आपला ऋणी आहे. प्राचार्य महोदयांनी वार्ताहराला व्यासपीठावर बसवण्याचं धाडस केलं, त्यांचे आभार. बाईंना मी नको तितकं छेडलं असेन, वेळेची मर्यादा तर निश्चित ओलांडली. बोलण्यात जे अधिक-उणं झालं ते आपण पोटात घालावं. मागच्या रांगेला एकच विनंती, शोधायला जाऊ नका. कोंडाजी, तुम्हाला आणि मैनाबाईंना उदंड आयुष्य लाभो.

आणि माझं विचाराल, तर गमतीत बराच वेळ काढला, आता सरळ सांगतो. तो पत्ता मी छापला होता, आणि ते कार्ड येणार नाही अशी मला भीती वाटते.