टोपी दाराशी ठेवून या

मोईन : ...आणि खाली काहीच न्हाय, सर. ना हो, ना न्हाय. नुसतं हे एक इंग्रजी वाक्य.

गुरुराज सर : आधी बस. टेम्पो गल्लीत आडवा लावलायस, लोक शिव्या मला घालतील. मुलगी कोण?

मोईन : समरा. अक्कलकोटला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवती. अजीजा फूफीनं, माझ्या आत्यानं, स्थळ आणलं, रविवारी बघून आलो. मला लई आवडली, सर.

गुरुराज सर : आणि तिला तू?

मोईन : त्येच तर मेसेजवर विचारलं की, तुमचं मत काय म्हणून. त्यावर हे आलं. ‘नेक्स्ट टाइम, सर, लीव्ह युवर हॅट ॲट द डोअर.’ अम्मीनं शेजारच्या पोरीकडनं अर्थ काढून घेतला. पुढच्या वेळी टोपी दाराशी ठेवून या. झालं! अम्मी पेटलीय नुसती. म्हणती, शिकली म्हणून आमच्या लेकराची रीतभात काढती व्हय? आज संध्याकाळी मगरीबच्या नमाजनंतर फूफी जाऊन नकार कळवणार.

गुरुराज सर : पण टोपी कुठली? तू टोपी हातात घेऊन गेला होतास?

मोईन : टोपी न्हाय, हेल्मेट. फटफटीवर गेलो होतो. मागं मोडनिंबला ढाब्यावर एक चोरीला गेलं, तवापासून मी नजरेआड करतच न्हाय. आत घेऊन गेलो आन् बसलो मांडीवर ठिवून.

गुरुराज सर : मुलगी बघायला गेलास की बारशाला?

मोईन : हसा, हसा. पण वाक्य तुमच्याच पुस्तकातलं असणार. तुमी सेकंड इयरला शिकवायचा बघा, ती जाडी कादंबरी. तिनं विचारलं, काय वाचता? मी तेच नाव ठोकून दिलं. तर म्हणली, माझंपण आवडतं पुस्तक.

गुरुराज सर : तू वाचलीस ती?

मोईन : गाईड वाचलं. तेबी निम्मं.

गुरुराज सर : आणि तिला काय सांगितलंस?

मोईन : तीनदा वाचली म्हणून.

गुरुराज सर : वा! एकदा म्हणाला असतास तर पचलं तरी असतं. हां, आठवलं मला ते वाक्य. शेवटाकडचं प्रकरण आहे. नायक नायिकेच्या घरी जातो, टोपी हातात धरून अवघडून बसतो, आणि निघताना ती त्याला हे ऐकवते. मी वर्गात सांगायचो, हा सभ्य भाषेतला नकार. बाबा रे, तुला बसण्या-उठण्याची रीत नाही, असं.

मोईन : म्हणजे संपलं.

गुरुराज सर : अरे, पाणी तरी पी.

मोईन : नको. मग त्यो काय करतो?

गुरुराज सर : कोण?

मोईन : टोपीवाला. नकार ऐकून.

गुरुराज सर : शिट्टी वाजवत घरी जातो. मी पोरांना म्हणायचो, बघा किती मठ्ठ, अपमान झालेलाही कळला नाही.

मोईन : सर, रागवू नका. मला नकाराचा नुसता वास आलाय, तर सकाळपासून घास उतरंना. आणि त्यो शिट्टी वाजवतोय? काढा की पुस्तक.

(सर कपाटातून पुस्तक काढतात, चष्मा शोधतात, पानं उलटतात.)

गुरुराज सर : हे बघ, हेच. ‘लीव्ह युवर हॅट...’

मोईन : ते राहू द्या. बाकीचे पाहुणे टोप्या कुटं ठेवत्यात, ते बघा.

गुरुराज सर : बाकीचे? बघू. डॉक्टर आलाय... गुडघ्यावर. पाद्री... हातात. हा कोण, घोडा विकायला आलेला, त्याच्याही हातातच. अरेच्चा!

मोईन : सगळ्यांनाच रीत न्हाय व्हय?

गुरुराज सर : नाही रे, हीच रीत दिसतेय! पाहुण्यानं टोपी जवळ बाळगायची. म्हणजे मी घटकाभर टेकलोय, आता उठतोच. मग दाराशी खुंटीवर कोणाची? थांब... तिच्या वडलांची. आणि इथं, भावाची. अय्यो देवा!

मोईन : काय झालं?

गुरुराज सर : दाराशी टोपी घरच्या माणसाची, मोईन! जो रात्री तिथंच जेवणार, त्याची. ती त्याला सांगतेय, पुढच्या वेळी पाहुण्यासारखा येऊ नकोस.

मोईन : म्हणजे...

गुरुराज सर : होकार, गाढवा! आणि मी त्याला नकार म्हणणाऱ्यांना पैकीच्या पैकी मार्क देत बसलो. काय लिहून गेलीय ही लेखिका! मला आज परत शिकवावंसं वाटायला लागलंय.

मोईन : या अल्ला! फूफीला थांबवतो.

गुरुराज सर : आधी मुलीला उत्तर दे. थांब, यातलंच एक झकास वाक्य काढून देतो.

मोईन : नको, सर.

गुरुराज सर : का रे?

मोईन : अजून एक वाक्य म्हणजे अजून एक थाप. लग्नानंतर ती काय बोलली ते इचारायला रोज तुमच्याकडं येऊ काय? खरं सांगून टाकतो, पुस्तक वाचलं न्हाय म्हणून.

गुरुराज सर : आलेला होकार जाईल रे.

मोईन : गेला तर गेला. पण तुमी हलू नका हितनं. लावतो फोन.

समरा : हॅलो?

मोईन : मी मोईन. स्पीकरवर हाय, आमचे गुरुराज सर बसलेत बाजूला.

समरा : नमस्कार, सर. मोईन, अर्थ कळला?

मोईन : आत्ता कळला. सरांनी आन् मी मिळून काढला. पण आधी माझं ऐका. ते पुस्तक मी वाचलं न्हाय. तीनदा सोडा, एकदाबी न्हाय.

समरा : माहितीय.

मोईन : आँ?

समरा : तुम्ही म्हणालात, शेवटी ती मरते तेव्हा लई रडलो. ती मरत नाही. तिला जुळी होतात.

गुरुराज सर : अरे मोईन, गाईडसुद्धा पुरतं वाचलं नाहीस!

मोईन : माहीत होतं, तर एवढं अवघड कशाला पाठवलंत?

समरा : आधीच्या स्थळांनाही मी असंच काहीबाही पाठवलं होतं. एकानं अंगठा पाठवला, एकानं ‘नाइस लाइन’. कळलं नाही तर कोणाला तरी विचारेल, असा माणूस मला हवा होता. पण तुमचं काहीच आलं नाही, तेव्हा घाबरले. वाटलं, राग आला तुम्हाला. अति शहाणपणा केला आपण.

मोईन : राग अम्मीला आलाय. आज फूफी नकार घेऊन तुमच्याकडं येणार होती.

समरा : आणि तुम्ही?

मोईन : मी थाप मारली तरी... तुमचं वाक्य तेच हाय?

समरा : तेच आहे.

मोईन : मग मीबी येतोय की! पाहुणा म्हणून न्हाय. सर, अम्मीला समजवायला तुमी चला.

गुरुराज सर : चल, चल. पुस्तकच घेतो बरोबर, खुंटी दाखवतो तिला.

समरा : सर, तुम्ही आहात म्हणून फार बरं वाटलं. मोईन...

मोईन : बोला की.

समरा : स्पीकर बंद कर ना आता.