स्वगत ऐकायचं नसतं

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे, वर्कशॉपमधले माझे सहकारी, त्यांची घरची मंडळी, आणि विंगेत बसायची सवय असल्यामुळे आज खुर्चीत अवघडून बसलेल्या आमच्या स्टोअरबाई,

मी बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस. भाषण हा माझा प्रांत नव्हे. मागच्या रांगेला चहाचा वास लागलाय हेही मला दिसतंय, पण थोडं सोसा.

आज निवृत्त होणाऱ्या बाईंनी तीस वर्षं पाने आणि नटबोल्ट दिले, हे साहेबांनी सांगितलंच. पण आमच्या वार्षिक संमेलनाला त्यांनी काय दिलं? ज्या वर्षी जो सिनेमा गाजेल, तो बाई जुन्या नाटकाच्या थाटात लिहून काढायच्या. नांदी, सूत्रधार, विदूषक, सगळं यथासांग. गुप्तहेर खिशातून मोबाइल काढून विचारायचा, "हे दूरभाषिणी, तू मौन का धरिलेस?" आणि रेंज नाही म्हणून मूर्च्छित पडायचा! आमची हसून मुरकुंडी. पण तालमीत बाई कडक. म्हणायच्या, "स्वगत प्रेक्षकांनी ऐकायचं. शेजारच्या पात्राला ते ऐकू येत नाही. मान वळवलीत, तर काम गेलं समजा."

आता जरा घरचं सांगतो. माझा थोरला भाऊही ह्याच वर्कशॉपात. वडिलांच्या आजारपणात तो एकटा राबला. मी कामाच्या सबबी सांगत राहिलो. वडील गेले आणि आमचं बोलणं बंद झालं. तीन वर्षं! "बाई, त्याला सांगा, जॅक मोकळा झालाय." "बाई, त्याला म्हणावं, मला डोळे आहेत." सगळा कारभार स्टोअरच्या खिडकीतून.

त्या वर्षी अंतराळातल्या युद्धाचा सिनेमा जोरात होता. बाईंनी आम्हा दोघांना वैरी राजे केलं. प्रयोगात माझं स्वगत आलं, आणि पहिल्या ओळीनंतर माझी पाटी कोरी! मी विंगेत पाहिलं. प्रॉम्प्टिंगला बाईच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे वही मिटली.

काय करणार? जे पोटात होतं तेच ओठांवर आलं. "चूक माझीच. बाबा माझी वाट बघत होते आणि मी तोंड लपवून बसलो. आता दादासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

दादा हातभर अंतरावर, पत्र्याची तलवार धरून उभा. पठ्ठ्याने मान वळवली नाही. तलवार तेवढी खाली टेकवली. मग प्रेक्षकांकडे बघत तोही वहीत नसलेलं बोलला, "हा वैरी रविवारी घरी जेवायला आला, तर माझं काय बिघडणार आहे?"

रविवारी मी गेलो. पुढे बाईंना विचारलं, वही का मिटलीत? म्हणाल्या, "त्या पानावर मला काही खास जमलं नव्हतं."

अध्यक्षमहाराज, परवानगी असेल तर एक स्वगत म्हणतो. बाई, नियम तुमचाच, तुम्हाला हे ऐकू येत नाही. "उद्या त्या खिडकीत दुसरं कुणी बसेल, पानाही मिळेल. पण तिसऱ्या रांगेत माझी लेक तिच्या काकाच्या मांडीवर झोपलीय, ती ह्या बाईंमुळे. हे त्यांना तोंडावर सांगायचं धाडस मला कधी झालं नाही."

बघा, मान वळवली का? नाही. डोळे पुसताहेत, ते नियमात बसतं.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे चुकलं असेल, तर बाई, आजही वही मिटलेलीच राहू द्या.