तिसरी हाक

रत्नागिरीत हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून महरीन बसली होती. शेजारच्या बाकावर प्लास्टर घातलेला एक तरुण आणि त्याची बायको.

"मॅरेथॉन धावत होतात ते काय वाईट होतं? डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं."

"राही, हळू बोल."

"आता म्हणे शंभर किलोमीटर, ते पण घाटातल्या रानातून! नुसत्या सरावालाच पाय मोडून रात्रभर दरीत पडून होतात."

"सापडलो ना सकाळी?"

"सोबतचे रात्रीच शोधत आलेले. हाका मारल्या म्हणाले."

"मारल्या. ऐकल्या मी."

"मग?"

"ओ नाय दिली."

"अहो, का?"

"आई सांगायची, रानात काळोखात नावानं हाक आली तर लगेच ओ द्यायची नाय. माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतो. दुसरं काय असलं तर दोनदाच."

"आणि त्यांनी?"

"दोनदाच मारली. मग बॅटऱ्या लांब गेल्या."

"तुमचीच माणसं होती ती!"

"इथे बसून कळतंय. तिथे नव्हतं कळत."

"आणि शर्यतीत परत पडलात तर? तेव्हा द्याल ओ?"

तो प्लास्टरची सुटलेली कड नखानं दाबून बसवायला लागला.

"सांगा ना."

"माहीत नाय गं."

आतून कंपाउंडरनं हाक मारली, "महरीन मुकादम!"

महरीनच्या तोंडून ओ फुटेना.

"महरीन मुकादम!"

कोणीच उठेना म्हणून राही इकडेतिकडे बघायला लागली. महरीन ओढणी मुठीत घट्ट धरून तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.