डराया की धमकाया?

आमच्या आईसमोर शब्द जरा जपून वापरा बरं. शाळेत हिंदीचं व्याकरण शिकवून रिटायर झाली आहे ती.

रायपूर राजधानी झालं, तेव्हाची गोष्ट. तेलीबांध्यात आमच्या जागेचा भाव एकदम वाढला अन् एक दलाल दोन माणसं घेऊन दारात आला. "माताजी, घर बेच दो, नहीं तो उठवा देंगे."

आईनं चपला घातल्या अन् मले घेऊन सरळ ठाणं गाठलं. मुन्शीनं रिपोर्ट लिहून वाचून दाखवला, "महिला को डराया."

"गलत है. धमकाया लिखिए," आई म्हणाली.

"एक ही बात है, माताजी."

"एक कैसे? धमकाना उसका काम था, उसने किया. डराया तब होता, जब मैं डरती. मैं डरी क्या?"

मुन्शीनं हसत शब्द खोडला अन् मले विचारलं, "और भैया, आपको?"

मी खरं ते सांगितलं, "मुझे तो डराया."

पोलिसांनी बोलावल्यावर तो दलाल पुन्हा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, फिरकला नाही. आई अजूनही पाहुण्यांना सांगते, "त्या रिपोर्टात दोन क्रियापदं आहेत. एक माह्यं, एक ह्याचं."

अन् मी छाती फुगवून म्हणतो, "हव!"